पेव आणि पोथी

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची नावाचे गाव लागते. गाव लहान, परंतु दत्तसंप्रदायाच्या लेखी त्याचे माहात्म्य मोठे आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव हे कडगंचीचे, आणि त्यांच्याच वंशात पुढे पाचव्या पिढीला ‘गुरुचरित्रा’चे कर्ते सरस्वती गंगाधर झाले. मराठी आपल्याला नीट येत नाही अशी कबुली देऊन त्यांनी हा ग्रंथ मराठीत रचला, आणि त्याच्या एकेचाळिसाव्या अध्यायात कानडी पदेही घातली. ग्रंथाची मूळ पोथी कडगंचीसच जपली गेली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. याच गावच्या शिवारात आज, २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाच्या इमारती उभ्या आहेत. एका बाजूस परंपरेने जपलेली पोथी आणि दुसऱ्या बाजूस संगणकांनी गजबजलेले विद्यापीठ, यांच्या मध्ये उभे राहिले असता एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. आज आपण घरोघर रात्रंदिवस जे साठवीत आहो, त्यातले जपले जाणार ते किती?

हा प्रश्न विचारण्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी आमचे तंत्रज्ञ मित्र मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असत की, आंतरजालाची तार एकदा जलद झाली म्हणजे घरात काही साठवून ठेवण्याचे प्रयोजनच उरणार नाही. नदी दाराशी वाहू लागल्यावर रांजण कोण भरून ठेवतो? हवे तेव्हा ओंजळ भरून घ्यावी, झाले. युक्तिवाद दिसावयास बिनतोड होता, आणि त्यात थोडे तथ्यही होते. कॅसेटी गेल्या, तबकड्या गेल्या, सिनेमाच्या चकत्यांनी भरलेली कपाटे रिकामी झाली. परंतु रांजणांचे काय झाले? ते कमी झाले नाहीत; उलट दसपटीने वाढले. सोळा जीबीचा मोबाइल ज्या घरात एके काळी ऐट समजली जाई, त्या घरात आता एकशेअठ्ठावीस जीबीही पुरेनासे झाले आहेत. शिवाय एखादी बाहेरची डिस्क, शिवाय परक्या मुलखातील विदागारात घेतलेली जागा, आणि एवढे करूनही ‘जागा संपत आली आहे’ ही सूचना घरातील प्रत्येक पडद्यावर महिन्यातून एकदा तरी झळकतेच. तारेचा वेग आणि साठ्याची भूक ही एकमेकींची वैरी नसून सख्खी भावंडे आहेत. एक वाढले की दुसरे वाढलेच पाहिजे.

याचा हिशेब अवघड नाही. गूगलच्या विनामूल्य खात्यावर पंधरा जीबी जागा मिळते. टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत चालणारा जुना छप्पन केबीपीएसचा मोडेम घेतला, तर एवढी जागा भरावयास अखंड पंचवीस दिवस लागले असते. म्हणजे व्यवहारतः ती कधी भरलीच नसती. दोन एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर तेच काम सुमारे सतरा तासांचे झाले. शंभर एमबीपीएसच्या फायबरवर ते वीस मिनिटांचे आहे. पंचवीस दिवसांचे काम वीस मिनिटांवर आले म्हणजे मनुष्य उरलेला वेळ विश्रांती घेत नाही. तो आणखी भरावयास लागतो. त्यातही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या तारेवर घरात येणारी वाट रुंद असे, पण घरातून बाहेर जाणारी वाट अगदी चिंचोळी. फायबरने बाहेर जाणारी वाटही रुंद केली. तेव्हापासून घरातील प्रत्येक छायाचित्र आपोआप दूरच्या कोठारात जाऊन पडू लागले. एक प्रत मोबाइलवर, एक कोठारात, एक थोरल्या लेकीच्या मोबाइलवर, एक पुण्याला असलेल्या भाच्याकडे, आणि चाळीस जणांचा व्हॉट्सअ‍ॅपचा समूह असेल तर आणखी चाळीस ठिकाणी.

पाठविणे सोपे झाले म्हणजे वस्तूही जड होऊ लागते. अ‍ॅपलच्या फोनमध्ये एक मिनिटाच्या चित्रीकरणास किती जागा लागेल याचा आकडा कंपनीनेच दिलेला असतो. साध्या प्रतीच्या चित्रणास चाळीस एमबी, त्याहून सरस प्रतीस साठ, आणि ‘फोर के’ म्हणतात त्या प्रतीस एकशेसत्तर. या शेवटच्या प्रतीत वर सांगितलेली पंधरा जीबी जागा दीड तासाच्या आत संपते. लग्नातली वरात अजून मांडवाच्या दारी पोहोचावयाची असते आणि कोठार भरून गेलेले असते! जुन्या तारेवर असले जड चित्रण कोणी पाठवू धजला नसता, म्हणून कोणी घेतलेही नसते. आता पाठविता येते म्हणून घेतात, घेतले म्हणून ठेवतात, आणि ठेवावयास जागा नाही म्हणून जागा विकत घेतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली कोळशासंबंधी हेच सांगून ठेवले आहे. वॅटच्या सुधारलेल्या यंत्राला कोळसा कमी लागे. म्हणून इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट तशी यंत्रे जागोजाग उभी राहून कोळशाचा खप कितीतरी पटींनी वाढला. जी गोष्ट कोळशाची, तीच तारेची आणि साठ्याची.

आता कोणी म्हणेल, वाढला खप तर वाढू द्या. जागा स्वस्त आहे, त्यात कोणाचे काय बिघडले? आमचे भांडण नेमके या प्रश्नाशी आहे. बिघडले ते हे, की आपण साठ्यालाच जतन समजू लागलो.

आमच्या या ज्वारीच्या मुलखातील जुन्या माणसांना ही चूक कधी झाली नसती. कारण त्यांना पेव ठाऊक होते. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठे, अशी ती धान्याची कोठी. आत भुसकटाचा थर देऊन ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. परंतु पेवात टाकले म्हणजे धान्य जपले गेले, असे कोणी मानीत नसे. भरण्यापूर्वी ते वाळवीत, पाखडीत. बियाणे वेगळे काढून ठेवीत. कोणत्या पेवात कोणत्या सालची ज्वारी आहे, हे घरच्या कारभाऱ्याला तोंडपाठ असे. ओल शिरली तर अख्खे पेव नासते, हे तो जाणून असे. आणि पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी आत उतरत नसे. उतावळेपणाने उतरलेला मनुष्य आतच गुदमरून जाई. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आजही आपण वापरतो, पण तो उच्चारताना डोळ्यांपुढे धान्य येत नाही. आज खरोखरच पेव फुटले आहे, ते छायाचित्रांचे, शुभप्रभातीच्या संदेशांचे, एकाच समारंभाच्या दोन-दोनशे फितींचे. हे न वाळविलेले, न पाखडलेले धान्य आहे. कोणत्या पेवात काय आहे हे सांगणारा कारभारी मात्र घरात कोणी नाही.

पेव निदान स्वतःच्या वाड्यात तरी असे. आजचे कोठार परक्याचे आहे आणि त्याचे नियम त्याने केलेले आहेत. २०१५ साली गूगलने छायाचित्रांसाठी अमर्याद जागा फुकट देऊ केली. लोक हरखले आणि आपला सारा संसार त्यांनी तेथे नेऊन ओतला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओचे आगमन झाले आणि मोबाइलवरील आंतरजाल सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. २०१९ च्या सप्टेंबरात त्याच कंपनीने घरोघर फायबर नेण्यास प्रारंभ केला. ओतण्याची सवय अंगवळणी पडली. आणि १ जून २०२१ पासून ती फुकट जागा बंद झाली! तेव्हापासून टाकलेले प्रत्येक चित्र पंधरा जीबीच्या मापात धरले जाऊ लागले. पुढे अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपचा राखीव साठाही त्याच मापात आला. आता भाडे द्या किंवा पुसून टाका. याला आम्ही लबाडी म्हणत नाही. सौदा सौद्याच्या ठिकाणी आहे. आमचे म्हणणे इतकेच की, जी वस्तू दर महिन्याच्या भाड्यावर जगते, तिला वारसा म्हणू नये. २०२३ साली जाहीर झालेल्या गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील सर्व सामग्रीसह काढून टाकले जाऊ शकते. पणजोबांची पोथी माळ्यावर फडक्यात बांधून पन्नास वर्षे पडून राहिली, तरी पणतू ती उघडू शके. आजच्या आजोबांचा सारा ठेवा त्यांच्या पश्चात दोन वर्षांत निकालात निघू शकतो, आणि नातवाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

येथे एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आमची थोरली आत्या आळंद तालुक्यात वाढली आणि भालकीकडे दिली गेली. तिच्या तोंडी जात्यावरच्या शेकडो ओव्या होत्या. त्यांत मराठीच्या पदराला कानडीची किनार आणि मधूनच दखनीचा ठिपका. तिची ही भाषा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हती. घरात फायबर आले त्या वर्षी पुतण्याने मोठ्या हौसेने तिला अंगणात बसवून चाळीस मिनिटांची ध्वनिचित्रफीत घेतली. त्याच संध्याकाळी ती फीत दूरच्या कोठारात जाऊन पडली, आणि आम्ही सारे निर्धास्त झालो. पुढे आत्या गेली. आणखी वर्षाने घरातल्या लग्नाचे चित्रण ठेवावयास जागा उरली नाही, तेव्हा त्याच पुतण्याने फायली आकारमानाप्रमाणे लावून सर्वांत मोठ्या तेवढ्या पुसून टाकल्या. आत्याच्या फितीला नाव नव्हते. तारीख आणि आकडे, एवढीच तिची ओळख. मोबाइलवरची प्रत पुसली की कोठारातली प्रतही पुसली जाते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. आम्हांला कळले तोवर परत मिळविण्याची मुदतही संपली होती. पुतण्याला आम्ही बोल लावीत नाही. ती फीत घेतल्यापासून पुसली जाईपर्यंत घरातल्या एकानेही पुन्हा पाहिली नव्हती; आम्हीही नाही. ती पुसली गेली त्या दिवशी हरवली असे म्हणणे खोटे होईल. नाव न देता ती त्या ढिगात टाकली, त्याच संध्याकाळी ती हरवली होती.

इतिहासाचीही साक्ष हीच आहे. कडगंचीपासून फार दूर नाही त्या बीदर शहरात महमूद गावान याने १४७२ साली मदरसा उभारला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. १६९६ साली तेथे स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज प्रवासी उरलेल्या मनोऱ्याची रंगीत कौले पाहून परततात. ग्रंथांचे नावही निघत नाही. एकाच जागी, एकाच छपराखाली केलेल्या साठ्याची ही गत. याउलट गोव्याकडे पाहा. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि त्याच शतकात आणखी दोन वेळा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापखान्यासारखे त्या काळातले सर्वांत वेगवान साधन वापरूनही ग्रंथ वाचला नाही. तो वाचला तो हातांनी उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे, चर्चमध्ये आणि घरोघर तो गाणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांमुळे. त्या पोथ्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघू शकली. रामायण-महाभारतातील कथांची सोळाव्या शतकातली कोंकणी गद्य रूपेही अशीच जेझुइटांनी कोणाकडून तरी उतरवून घेतली आणि ती दूर पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात टिकली. कोणीतरी बसून एकेक अक्षर लिहिले, म्हणून ती राहिली.

आणि ‘गुरुचरित्र’? सात हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ संगणकावर उतरविला, तर आजच्या मोबाइलवरील एका छायाचित्राएवढीही जागा धड व्यापणार नाही. गूगलच्या त्या फुकट पंधरा जीबीत त्याच्या काही हजार प्रती सहज मावतील. परंतु हा ग्रंथ शतकानुशतके टिकला तो जागा होती म्हणून टिकला काय? सात दिवसांचे पारायण होते, पारायणासाठी प्रत लागे, प्रतीसाठी लेखनिक लागे, आणि उतरताना प्रत्येक ओळ कोणाच्या तरी डोळ्यांखालून आणि बोटांखालून जात असे. जागा टंच होती, कागद महाग होता, हात दुखत असे. म्हणून निवड अटळ होती, आणि जे निवडले जाई त्यावर प्रेम बसे. जलद तारेने नेमका हा कष्ट नाहीसा केला आहे. कष्ट गेला याचे दुःख नाही. पण कष्टाबरोबर निवडही गेली.

येथे दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप न्याय्य आहे. ज्या घरात तीन पिढ्यांत मिळून एकच छायाचित्र असे, तेही एखाद्याच्या मृत्यूनंतर धावपळ करून काढलेले, त्या घरातील माणसाने आज मनसोक्त चित्रे काढली तर सुशिक्षितांनी नाके का मुरडावीत? मुळीच मुरडू नयेत. वेग श्रीमंताच्या माडीवर थांबू नये, वाडीवस्तीपर्यंत पोहोचावा, हेच आमचेही मत आहे. किंबहुना ज्यांच्याजवळ काल एकच चित्र होते, त्यांना आज तीस हजार चित्रांच्या गर्दीत आपल्या आईचे एक चित्र सापडू नये, ही त्यांची क्रूर थट्टा आहे. दुसरा आक्षेप अलीकडचा. म्हणतात, निवडीची चिंता नको. यंत्र आता स्वतःच चेहरे ओळखते, शोधूनही देते. देत असेल. ‘म्हातारी बाई, जाते, अंगण’ इतके यंत्र सांगेल. ती बाई कोणाची कोण, कोणत्या गावाहून कोणत्या गावी नांदावयास आली, आणि त्या ओवीतला कानडी शब्द तिने रागाने घातला की लाडाने, हे यंत्राला कोण सांगणार? ज्याला ठाऊक आहे त्याने ते आज लिहून ठेवले, तरच ते उद्या यंत्रालाही सापडेल.

साठ्याचा वीजखर्चही कोणी तरी भरतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील विदागारांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज घेतली; जगाच्या एकूण वापराचा हा जवळजवळ दीड टक्का. ही सारी वीज साठवणुकीचीच नव्हे हे खरे. तरीही ऐरोली-महापे परिसरात उभ्या राहिलेल्या खिडक्यांवाचूनच्या त्या प्रचंड इमारतींत आपले विस्मृत शुभप्रभात संदेशही थंड हवेत जपून ठेवलेले आहेत, याचा विचार भारनियमन सोसलेल्या आमच्या भागाने तरी करावा.

हे सारे अशक्य कोटीतले नाही, याचा दाखला मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळशा २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या द्वारे जगापुढे येत आहेत. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आहे, गाव आहे, शब्द लिहिलेले आहेत, विषयवारी लावलेली आहे. जलद तारेचा खरा उपयोग हा. तार त्यांचीही तीच, जी आमच्या पुतण्याची होती. फरक पडला तो नाव लिहिणाऱ्या हाताने.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख कर्नाटकात गेला. तेव्हापासून येथल्या मराठीविषयी भाषणे पुष्कळ झाली. सीमेच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आळंद, भालकी, बसवकल्याण या टापूत बोलली जाणारी मराठी, आणि कारवारपासून मंगळूरपर्यंत, पुढे कोचीपर्यंत अनेक लिप्यांत विखुरलेली कोंकणी, यांचे बोलणारे वृद्ध एकेक करून जात आहेत. त्यांचे आवाज आज हजारो मोबाइलांत बिननावाचे पडून आहेत आणि जागा संपल्याच्या पहिल्याच सूचनेला बळी पडणार आहेत. विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी आणखी मोठी कोठारे विकत घेण्याआधी या घरांच्या दाराशी यावे. वर्षाकाठी प्रत्येक घराकडून दहाच वस्तू मागाव्यात, पण नावगावासह मागाव्यात. आणि घरांनी दत्तजयंतीला पोथी बाहेर काढतात त्याच दिवशी मोबाइलही बाहेर काढावा. वर्षभराच्या ढिगातून पन्नास चित्रे, पाच आवाज निवडावेत. प्रत्येकाला नाव द्यावे. कोण, कुठला, केव्हा, हे वहीत शाईने लिहावे. दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आणि उरलेले खुशाल पुसून टाकावे.

पुसावयास मन धजत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण आपण पुसले नाही तर कोणीतरी परका, आकारमानाप्रमाणे लावून, एक दिवस पुसणारच आहे. त्याला आत्याची ओवी आणि वरातीचा बँड यांतला भेद कळणार नाही. तो आपल्यालाच कळतो, आणि तोही आपण आहो तोवर.